आज गिलकी आहे

(पत्रं वाचकांची, उत्तरं इंदूरच्या काकूंची)

ह्या खेपेला गठ्ठा सोडला तर अर्ध्याहून जास्त पत्रं एकाच विषयावरची निघाली. दिवाळीची सुट्टी, माळव्याची सहल आणि ‘शेतावरचं जेवण’. पूर्वी लोक विचारायचे, काकू, सराफ्यात, त्या खाऊगल्लीत, रात्री किती वाजता जावं? आता विचारतात, शेतावरच्या रेस्टॉरंटात जावं का, आणि तिथलं खरंच शेतातलं असतं का. मी बावीस वर्षं रामबागेत विद्यार्थ्यांची खानावळ चालवली. दिरांची कंपेलच्या रस्त्याला नऊ बिघे जमीन आहे. तेव्हा शेगडीजवळचं आणि बांधावरचं, दोन्हीकडचं थोडंथोडं कळतं. उत्तरं त्या बेताने घ्या.

प्रश्न : आम्ही ऑक्टोबरच्या शेवटी ठाण्याहून येतोय. आम्ही दोघं, सासूबाई (वय ७४) आणि मुलं १३ आणि ९ वर्षांची. इंदूर, उज्जैन, महेश्वर, मांडू असे चार दिवस. इंदूरबाहेरचं एक ‘फार्म-टू-टेबल’ रेस्टॉरंट मिस्टरांनी शोधलंय. माणशी १,२०० रुपये. मेनूत ब्रोकोलीचं सूप, स्ट्रॉबेरीचं सॅलड, मशरूम, बेबी पोटॅटो, दाल-बाफले, आणि खाली लिहिलंय ‘सगळं आमच्या शेतातलं’. खरं-खोटं कसं ओळखायचं?
एक वाचक, ठाणे

उत्तर : ताई, मेनू वाचण्याआधी कॅलेंडर बघा. दिवाळीत माळव्याचं शेत बहुतेक उघडंबोडकं असतं. सोयाबीन निघून गेलेलं, गहू-हरभऱ्याची पेरणी चालू असते नाहीतर तोंडावर आलेली. काळी ढेकळं आणि ट्रॅक्टरमागे चालणारे बगळे, एवढंच दिसतं. मला ते दृश्य आवडतं, पण मुलांना जाहिरातीतलं हिरवंगार शेत दाखवायचं असेल तर जानेवारीत आणा. तेव्हा हरभऱ्याला घाटे धरलेले असतात आणि शेकोटीत भाजलेले होळे सोलून तोंड काळं करून घेता येतं.

आता तुमचा मेनू. ऑक्टोबरच्या शेवटी स्ट्रॉबेरी? तेव्हा महाबळेश्वरलासुद्धा वाफ्यात रोपंच असतात. ब्रोकोली थंडीची, डिसेंबर म्हणाले असते तर मी मान डोलावली असती. मशरूमला मी काही म्हणणार नाही, ते अंधाऱ्या खोलीत भुशावर येतं, त्याला शेत लागतच नाही. बेबी पोटॅटो वाचून मात्र मी हसले. माळव्यात बटाटा दिवाळीच्या आगेमागे जमिनीत जातो आणि थंडी सरता सरता निघतो. दिवाळीत ताटात येतो तो गेल्या मोसमात काढून कोल्ड स्टोरेजमध्ये ठेवलेला. खायला काही वाईट नाही, मी स्वतः तोच आणते. त्याला ‘आमच्या शेतातून आत्ताच खणलेला’ म्हणू नये एवढंच.

म्हणजे जे आज तोडलेलं नाही ते सगळं खोटं, असंही नाही हं. माझ्या सासूबाईंच्या स्वयंपाकघरात सामानाच्या तीन जागा होत्या. ओट्याजवळ टोपली, आत कोठी, आणि भिंतीत फडताळ. टोपलीत त्या दिवशीचं : पालक, मुळा, कोथिंबीर. कोठीत वर्षाचं : उन्हाळ्यात भरलेला गहू, लसणाच्या माळा, डाळी, मका. फडताळात बाजारचं : मीठ, साखर, चहा, खोबरं. कोणतंही घर ह्या तिन्हींवर चालतं आणि कोणतंही प्रामाणिक शेतावरचं हॉटेलसुद्धा. माळव्यात नारळ कुठून येणार? आमच्याकडे तांदूळसुद्धा बहुतेक विकतचा. तुम्ही विचारलंत आणि समोरच्याने सरळ सांगितलं, ‘भाजी हमारी, गेहूं हमारा, चावल बाजार का’, की झालं. सगळंच टोपलीतलं आहे असं जो सांगतो त्याच्याबद्दल मला शंका येते.

तुम्ही याल तेव्हा टोपलीत काय असेल तेही सांगते. गिलकी नक्की (तुमच्याकडे घोसाळी म्हणतात), दोडके, दुधी, वांगी, हिरव्या मिरच्या, पालक, नवी कोवळी मेथी, मुळा. फळांत सीताफळ, पेरू. हे वाचून मुलांनी नाक मुरडलं असेल. मुरडू द्या.

फोन करा. पण ‘ऑर्गॅनिक आहे का’ असं विचारू नका, त्याला सगळेच हो म्हणतात. विचारा, ‘भैया, परसों सब्ज़ी क्या रहेगी?’ उत्तर आलं, ‘जो आप बोलें मैडम’, तर टोपली मंडीत भरते असं समजा. उत्तर आलं, ‘परसों का परसों देखेंगे, गिलकी तो रहेगी’, आणि त्यात थोडा कंटाळा असला, तर लगेच पाच माणसांची जागा सांगून ठेवा.

जेवायला दुपारीच जा. रात्रीच्या अंधारात सगळीच शेतं सेंद्रिय दिसतात. शिवाय सासूबाईंना बांधावरून चालवणं, खाटेवर बसवणं, हे दिव्याच्या उजेडात करू नका. खुर्ची आहे का, बाथरूम किती लांब आहे, हे फोनवरच विचारा; त्यात लाजायचं काही नाही. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी, पाडव्याला, इकडे गावोगावी गाई-बैल सजवतात. त्या दिवशी कामाची माणसं घरी जातात, तेव्हा तो दिवस टाळा, नाहीतर कुलूप बघून परत याल.

बाफल्यांबद्दल एक. बाफला म्हणजे कणकेचा गोळा. तो आधी पाण्यात उकडतात, मग गोवऱ्यांच्या आरावर भाजतात, मग तुपात बुचकळतात. ह्याला निवांत दीड-दोन तास लागतात, म्हणून निघायच्या आधी सांगून ठेवावं लागतं. ‘दस मिनट में देते हैं’ म्हणाले तर ते सकाळचे, पुन्हा गरम केलेले. सासूबाईंना एकच द्या, सोबत कढी भरपूर. आणि त्याच दुपारी उज्जैन ठेवू नका. बाफले खाऊन मंदिराच्या रांगेत उभं राहता येत नाही, मी करून बघितलंय.

आता माझी फजिती सांगते, म्हणजे तुम्ही माझ्यासारखं करणार नाही. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात ह्यांच्या पंचाहत्तरीला मुलगा आम्हाला शहराबाहेरच्या अशाच एका ठिकाणी घेऊन गेला. दारात ही मोठी पाटी, ‘खेत से सीधे थाली में’. मी खानावळवाली, मला कुठे राहवतंय! हात धुवायच्या निमित्ताने मागे गेले तर भटारखान्याच्या भिंतीला टोमॅटोची कॅरेटं लावलेली, त्यांवर चोइथराम मंडीतल्या आडत्याचा शिक्का. मी विजयी मुद्रेने पुढे आले आणि वाढणाऱ्या पोराला सगळ्यांदेखत विचारलं, ‘बेटा, ये टमाटर कौन-से खेत के हैं?’ पोरगं गोरंमोरं झालं. शेजारच्या टेबलावरची माणसं बघायला लागली. मुलाने कपाळाला हात लावला.

तेवढ्यात आतून स्वयंपाक करणारी बाई आली, जवळच्याच गावची, डोक्यावरून पदर. हात पुसत म्हणाली, ‘माताजी, बोर सूख गया अप्रैल में. बाड़ी पूरी जल गई. बोर्ड उतारना था, किसी ने उतारा नी.’ मग जरा थांबून, ‘अपने खेत का खाओगे?’ मी काय म्हणणार, हो म्हटलं. तिने आणली मक्याची भाकरी, ठेचलेल्या लसणाची चटणी, ताकाची कढी आणि मागच्या झाडाच्या कैरीची लौंजी (आंबटगोड तोंडीलावणं). म्हणजे सगळं कोठीतलं आणि एक कैरी टोपलीतली. मेनूत ह्यातलं काही नव्हतं. ह्यांनी तीन भाकऱ्या खाल्ल्या, पंच्याहत्तराव्या वर्षी. पैसे थाळीचेच लावले, पण माझी तक्रार नाही.

तेव्हापासून मी भटारखान्यामागे जात नाही. बरं, जाते, पण पोराला सगळ्यांदेखत विचारत नाही. बोर आटला की कोणीही मंडी गाठेल, मीही गाठली असती. कॅरेटं दिसली त्याचं मला काही नव्हतं. पाटी तशीच लटकत होती, ती खुपली. आणि त्या पाटीचा जाब वाढणाऱ्या पोराकडे मागण्यात काय अर्थ होता?

तुमच्या रेस्टॉरंटात फोन करून बघा. स्ट्रॉबेरीवर अडून बसले तर सोडून द्या. पाच जणांचे सहा हजार होतात. मांडूच्या वाटेवर त्या दिवसांत सीताफळांच्या टोपल्या घेऊन बायका बसलेल्या असतात. तिथे गाडी थांबवा, झाडाखाली बसून खा, बिया मोजायच्या शर्यती लावा. तेही शेतावरचंच जेवण.

प्रश्न : काकू, हे फार्म-टू-टेबल म्हणजे अमेरिकेचं खूळ. माझे आजी-आजोबा साताऱ्याजवळ आयुष्यभर शेतातलंच खात होते, कोणी पाटी लावली नव्हती. त्याचे हजार-बाराशे रुपये का मोजायचे?
एक वाचक (वय २६), पुणे

उत्तर : बाळा, खूळ अमेरिकेतून आलं हे अर्धंच खरं. कॅलिफोर्नियातल्या बर्कलेला ॲलिस वॉटर्स ह्या बाईंनी १९७१ साली ‘शे पानीस’ नावाचं रेस्टॉरंट काढलं. जवळच्या शेतकऱ्यांकडून माल घ्यायचा आणि त्या दिवशी जे चांगलं मिळेल त्यावर जेवण बेतायचं ही तिथली रीत. ती टूम तिथून पसरली असं म्हणतात. पण तू आणखी अर्धशतक मागे जा, गाडी आमच्या इंदूरला येऊन थांबते.

१९२४ साली इथे इन्स्टिट्यूट ऑफ प्लँट इंडस्ट्री सुरू झाली. अल्बर्ट हॉवर्ड नावाचे इंग्रज शास्त्रज्ञ तिचे संचालक. संस्था कापसाच्या संशोधनासाठी, पण साहेब रमले खतात. शेतातला पालापाचोळा, काडीकचरा, गोठ्यातलं शेण, गोमूत्र मुरलेली माती, थोडी राख, असे थर रचायचे, ओल धरायची, मधूनमधून वरखाली करायचे, की तीनेक महिन्यांत काळंभोर भुसभुशीत खत तयार. जगभर ह्याला ‘इंदूर पद्धत’ म्हणतात. साहेबांचे सहकारी होते यशवंत वाड, आणि १९३१ साली ह्या कामावरचं पुस्तक दोघांच्या नावाने निघालं. मुखपृष्ठावर इंग्रज साहेबाशेजारी ‘वाड’ वाचून मला उगाचच बरं वाटतं, जसे काही आमच्या गल्लीतलेच. १९३५ साली गांधीजी हिंदी साहित्य संमेलनासाठी इंदूरला आले, तेव्हा तेही हे खत बघून गेले. हॉवर्डसाहेबांचं लिखाण वाचून अमेरिकेत रोडेल नावाच्या गृहस्थांनी १९४२ साली सेंद्रिय शेतीचं मासिक काढलं, आणि पुढचं सगळं त्यातून फुटत गेलं. साहेब स्वतः सांगायचे की आपले प्राध्यापक दोनच, हिंदुस्थानातले शेतकरी आणि पिकावरची कीड. म्हणजे तुझे साताऱ्याचे आजोबा ह्या यादीत येतातच.

ती जागा आज कृषी महाविद्यालय आहे. शहर तिला चहूबाजूंनी वेढून बसलंय. मी लहान असताना तिथे आम्ही बोरं वेचायला जायचो. राखणदार ओरडायचा, पण मनापासून नाही.

आता पैशांचं. तुझी आजी भाकऱ्या थापायची, तिला पगार होता का? वाफ्यातल्या मेथीला भाव नव्हता, कारण ती खुडणारी, निवडणारी, धुणारी, फोडणीला टाकणारी सगळी माणसं घरातली होती. मी बावीस वर्षं पैसे घेऊन वाढलंय, म्हणून सांगते. खानावळीत मला पनीरपेक्षा मेथी महाग पडायची. जुडी स्वस्त, निवडणारे हात महाग. दोन बायका तास-तासभर बसायच्या तेव्हा चाळीस पोरांची एक वेळची भाजी निघायची, आणि पोरं ताटात ती बाजूला सारायची.

हजार रुपये जास्त आहेत का म्हणशील तर बऱ्याचदा आहेत. त्यात गवताच्या छपराचे, वेताच्या दिव्यांचे आणि फोटो काढायच्या झोपाळ्याचे पैसे असतात. पण रांधणाऱ्या बाईला त्यातले बरे पैसे मिळत असतील तर मी कुरकुर करणार नाही. जेवून झाल्यावर तिला आत जाऊन ‘छान झालं होतं’ म्हणून ये. तुझ्या आजीला कधी म्हटलं होतंस?

प्रश्न : कार्तिकी एकादशीला आम्ही इंदुरात असू. शेतावरच्या ठिकाणी उपासाचं मिळतं का?
एक वाचक, नागपूर

उत्तर : आधी सांगितलंत तर मिळतं, आयत्या वेळी नाही. आमच्याकडे वरीला मोरधन म्हणतात, तसंच मागा. रताळी आणि तळ्यातले ताजे शिंगाडे ह्या दिवसांत असतात. उकडलेले शिंगाडे मीठ-तिखट लावून खा. साबुदाण्याची खिचडी मात्र शेतावर मागू नका. साबुदाणा तामिळनाडूतल्या सेलमकडून येतो, त्याचं माळव्याच्या मातीशी काही नातं नाही. नातं आहे ते सराफ्याशी. सोन्याचांदीची दुकानं बंद झाली की रात्री तिथे खाण्याच्या गाड्या लागतात. वाफेवर ठेवलेली मोकळी खिचडी, त्यावर मसाला, लिंबू, फराळी मिक्स्चर. आपल्या तुपातल्या खिचडीसारखी नसते, तुलना करू नका. उपास मोडतो की नाही ते तुमच्या घरच्या मोठ्यांना विचारा, मी त्या भांडणात पडत नाही.

प्रश्न : गेल्या महिन्यात प्रवासात आम्ही चौघे शेतावरच्या एका रेस्टॉरंटात जेवलो. बिलात जीएसटी, वर १० टक्के सर्व्हिस चार्ज, आणि माणशी १५० रुपये ‘फार्म वॉक’. हा वॉक म्हणजे पार्किंगपासून टेबलापर्यंत चालत गेलो तेवढाच. काही बोलता येतं का?
एक वाचक, वडोदरा

उत्तर : पार्किंगपासून टेबलापर्यंतचे दीडशे! माझी खानावळ दुसऱ्या मजल्यावर होती हो, मी जिन्याचे लावायला हवे होते.

जीएसटी द्यावा लागतो. साध्या रेस्टॉरंटात तो ५ टक्के असतो. सर्व्हिस चार्ज वेगळा. तो सरकारचा कर नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये सांगून ठेवलंय की तो बिलात आपोआप लावू नये आणि दुसऱ्या कुठल्या नावाखालीही उकळू नये. रेस्टॉरंटवाले कोर्टात गेले होते, पण मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने प्राधिकरणाचंच म्हणणं उचलून धरलं. तेव्हा शांतपणे म्हणायचं, ‘हा काढा.’ नाही काढला तर १९१५ ह्या ग्राहक हेल्पलाइनवर बिलाचा फोटो ठेवून तक्रार करता येते. फार्म वॉकचे पैसे आधी सांगितले नसतील, कुठे लिहिले नसतील, तर तेही मागे घ्यायला सांगा. बिलावर अन्नसुरक्षा परवान्याचा १४ आकडी नंबर असायला हवा, तोही बघून ठेवा.

‘ऑर्गॅनिक’चंही ह्याच पत्रात सांगून टाकते, कारण तिघांनी विचारलंय. सेंद्रिय म्हणून बांधून विकलेल्या मालावर सरकारमान्य सेंद्रिय चिन्ह असतं आणि त्यामागे कुठलं तरी प्रमाणपत्र असतं. शेतावरून थोडी भाकरी-भाजी वाढणाऱ्याकडे ते नसेलही, आणि तरी त्याची मेथी निर्मळ असेल. पण भिंतीवर ठळक अक्षरांत ‘१०० टक्के ऑर्गॅनिक’ लिहून त्यावर दुप्पट भाव लावला असेल तर कागद मागायचा हक्क तुम्हाला आहे. हे सगळं मालकाशी किंवा मॅनेजरशी बोला. वाढणाऱ्या पोराशी नको. का, ते वर ठाण्याच्या ताईंना सांगितलंच आहे.

प्रश्न : ऑगस्टच्या अंकात तुम्ही बाफल्यांना सरबती गहू घ्या असं लिहिलंत. साफ चूक. सरबती पोळीचा. बाफल्यांना आमचा मालवी कठिया गहू लागतो. आता माझा प्रश्न. दीड वर्षापासून मी सांवेरजवळ माझ्या शेतावर दर रविवारी दुपारी बारा माणसांना जेवायला घालतो. बायको आणि वहिनी रांधतात. लोक लांबून येतात, खुश होतात, पण पनीर टिक्का मागतात. मुलं कच्चे टोमॅटो तोडतात. परवा एक पाहुणे ‘भाजी एकच? तीही गिलकीची?’ म्हणून रुसून गेले. पनीर ठेवू का?
एक मराठी शेतकरी, सांवेरकडचे

उत्तर : भाऊ, गव्हाची चूक कबूल. कठियाचं पीठ रवाळ निघतं, बाफला उकडताना फुटत नाही आणि आतून खुसखुशीत राहतो. सरबतीचा बाफला पोळीच्या गोळ्यासारखा चिवट होतो. हे मला माहीत असायला हवं होतं, पण खरं सांगू का, खानावळीत मी बावीस वर्षं जो गहू स्वस्त मिळेल त्याचेच बाफले केले आणि पोरं बिचारी मुकाट खात राहिली. आता त्यांतले काही जण मोठे साहेब झालेत, हे वाचून मला फोन करतील.

पनीरबद्दल. घरची म्हैस आहे? दूध उरतं? मग कधीतरी करा, हवं तर दर दोन रविवारी. विकत आणून मात्र ठेवू नका. एकदा पनीर आलं की पुढच्या रविवारी मंचुरियन मागतील, आणि मग तुमच्या शेतावर यायचं कारणच उरत नाही. ते सगळं बायपासवर रांगेने मिळतं.

‘भाजी एकच’ ह्यावर उपाय सांगते. शनिवारी संध्याकाळी वाफ्यात फिरून जे असेल ते रविवारी येणाऱ्यांना व्हॉट्सॲपवर कळवून टाका, आणि दारात एक पाटी ठेवा, खडूने लिहायची, म्हणजे पुसता येते. आता तुम्ही काय लिहाल ते मला माहीत आहे : ‘आज फक्त गिलकी आहे.’ त्यातलं ‘फक्त’ काढा. आज गिलकी आहे. मग त्या गिलकीचं काय काय होतं ते ताटात दिसू द्या. लसूण-मिरचीवर परतलेली भाजी, गिलकीची गरम भजी, सालांची तीळ घालून चटणी. वर कढी, मुळ्याची कोशिंबीर, दोन बाफले, एक लाडू. इतकं वाढल्यावर जो रुसतो तो घरून रुसूनच आलेला असतो, त्याला गाडीपर्यंत सोडून या.

मुलांना टोमॅटो तोडू नका म्हटलं की ते तोडणारच. त्यांना एक वाफा वेगळा काढून द्या आणि त्यात मुळे लावा. मुळा उपटायला जोर लागतो, तो फटकन निघून पोरगं मागे पडतं, आणि मग तोच मुळा हातात घेऊन ते दिवसभर हिंडतं. शहरातली पोरं मुळा खात नाहीत म्हणतात. स्वतः उपटलेला खातात.

आणखी एक, तुम्ही विचारलेलं नाही तरी. बायको आणि वहिनी रांधतात असं एका ओळीत लिहून पुढे गेलात. हिशेबाच्या वहीत त्या दोघींचं नाव कुठे आहे? बारा माणसांचे जे काही घेता त्यातले त्यांचे वेगळे काढा, दर रविवारी, त्यांच्या हातात. वहिनींच्या हातात आधी.

ठाण्याच्या एक ताई दिवाळीच्या सुमाराला इकडे येताहेत. पाच जणं आहेत, त्यांत सासूबाई ७४ वर्षांच्या आणि दोन मुलं. त्यांना तुमचं ठिकाण कळवलं तर चालेल का? चालणार असेल तर संपादकांकडे निरोप ठेवा. खुर्ची एक लागेल. आणि बाफले कठियाचेच करा, नाहीतर त्या मलाच विचारतील.

आम्ही दोघं मात्र थंडीत, गराडू (आमच्याकडचा कंद) निघाले की येऊ. तळलेल्या गराडूवर ह्यांना जीरावन, म्हणजे आमचा इंदुरी मसाला, जरा जास्तच लागतं. तेवढं वहिनींना सांगून ठेवा.